शाईतली फुलं: चिनी चित्रकार काय वगळून काय सांगत होते

जपानमधल्या ओसाका शहराच्या कलासंग्रहालयात एक लहानसं चिनी चित्र आहे. कागदाची उंची वीतभराहून जेमतेम जास्त. त्यावर काळ्या शाईत ओढलेली ऑर्किडची मोजकी पाती, मध्ये एक फूल, एका बाजूला कविता आणि दुसऱ्या बाजूला तारीख. बस, एवढंच. चित्र १३०६ सालचं, चित्रकार झेंग सीश्याओ. थोडा वेळ पाहत राहिलं की काहीतरी खटकायला लागतं, आणि मग लक्षात येतं की रोप कशात उगवलंय तेच दाखवलेलं नाही. माती नाही, मुळं नाहीत, आधाराला दगडसुद्धा नाही. पाती नुसती हवेतून सुरू होतात.

यामागची गोष्ट चीनमध्ये शतकानुशतकं सांगितली जाते. झेंग हा सोंग राजवटीचा माणूस. १२७९ मध्ये मंगोलांनी सोंग राजवट पुरती संपवली आणि सगळा चीन कुबलाई खानाच्या हाती गेला. झेंगनं नव्या सरकारची चाकरी केली नाही. तो बसताना दक्षिणेकडे तोंड करून बसे, कारण सोंग दरबार दक्षिणेत होता. आणि ऑर्किड काढताना माती काढणं त्यानं सोडून दिलं. कुणीतरी विचारलं, "माती कुठे आहे?" तो म्हणाला, "परक्यांनी चोरून नेली, तुला ठाऊक नाही?" एका स्थानिक अधिकाऱ्यानं चित्र मिळावं म्हणून कराचा धाक घातला, तेव्हाही त्याचं उत्तर ठरलेलं होतं: माझं मुंडकं मिळेल, ऑर्किड मिळणार नाही.

आता 'चिनी चित्रांतल्या फुलांचे अर्थ' असं काही शोधलं तर बहुतेक ठिकाणी कोष्टक सापडतं. ऑर्किड म्हणजे सज्जनपणा, कमळ म्हणजे पावित्र्य, शेवंती म्हणजे दीर्घायुष्य वगैरे. कोष्टक खोटं नाही. पण ते हातात धरून झेंगच्या चित्रासमोर उभं राहिलं तर 'सज्जनपणा' एवढं वाचून माणूस पुढच्या चित्राकडे जाईल, आणि त्या चित्रातला सगळा राग, सगळं दुःख मागे राहील. कारण ते फुलात नाहीच, ते न काढलेल्या मातीत आहे. चिनी शाईचित्रातलं फूल समजून घ्यायचं तर कुणी काढलं आणि कधी काढलं हे विचारावं लागतं, आणि सगळ्यात आधी काय काढलं नाही ते पाहावं लागतं. माझ्या मते ही शेवटची सवय लागली की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

पहिली वगळलेली गोष्ट सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर असते: रंग. फुलासारखी रंगीत वस्तू काळ्या शाईत का काढायची?

ही शाई पाइन लाकडाच्या किंवा तेलाच्या दिव्याच्या काजळीत प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस मिसळून करतात. मिश्रण मळून, साच्यात दाबून, वाळवून त्याची कांडी होते. लिहायच्या वेळी दगडी तबकडीवर थोडं पाणी घेऊन कांडी घासायची. पाणी कमी तर शाई डांबरासारखी गडद, पाणी जास्त तर धुक्यासारखी फिकी. नवव्या शतकातला कलालेखक झांग यानयुआन म्हणून गेला की शाई नीट चालवता आली तर पाचही रंग तिच्यात असतात. कागद बहुतेकदा आनहुई प्रांतातला शुआन कागद. तो शाई लगेच पितो. खोडायची सोय नाही, वरून दुसरा हात मारून चूक झाकायची सोय नाही. कुंचला थबकला, घाबरला, घाईत निसटला, तर ते सगळं कागदावर कायमचं राहतं.

आणि हाच कुंचला, हीच शाई लिहिण्यासाठीही होती. सरकारी परीक्षेची तयारी करणारा मुलगा लहानपणापासून अक्षर घोटत असे. पुढे तो अधिकारी झाला, कवी झाला, तर बांबूचं पान काढायला त्याला नवं काही शिकावं लागत नसे, हात तयार होता. म्हणून ही मंडळी 'चित्र काढलं' म्हणण्याऐवजी 'बांबू लिहिला' असं म्हणत. तेराव्या-चौदाव्या शतकातला चित्रकार झाओ मेंगफू तर चित्रावरच लिहून ठेवतो की दगड एका लिपीच्या वळणानं काढावा आणि झाड दुसऱ्या.

यात थोडा नाक वर करण्याचा भावही होता. दरबारी चित्रकार पोटासाठी रंगवत. पाकळीची शीर न् शीर दिसेल अशी, सोन्यासारखी झळकणारी फुलं त्यांनी काढली, आणि ती आजही पाहताना डोळे दिपतात. शिकलेल्या अधिकारी वर्गाला स्वतःचं वेगळेपण दाखवायचं होतं. सू शी हा अकराव्या शतकातला मोठा कवी आणि अधिकारी. त्यानं लिहिलं की चित्र हुबेहूब आहे का यावरून जो पारख करतो त्याची समज पोराटोरांची. वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण त्यात कारागिराबद्दलची तुच्छताही आहे, हे विसरू नये. रंग सोडणं ही साधेपणाची खूण होती तशीच वर्गाचीही.

या मंडळींचं सगळ्यात लाडकं फूल म्हणजे 'मेय'. त्याला प्लम म्हणायची पद्धत आहे, पण हे झाड आलुबुखारापेक्षा जर्दाळूच्या जवळचं. हिवाळा संपता संपता, कित्येकदा बर्फ पडत असतानाच, ते फुलतं. अजून एकही पान फुटलेलं नसतं. काळ्या, खडबडीत, वेड्यावाकड्या फांदीवर पाच पाकळ्यांची नाजूक फुलं आणि मंद वास. इतकं कळलं की अर्धं प्रतीक सांगायची गरज उरत नाही: वाईट दिवसांत जो आधी फुलतो तो मेय. म्हाताऱ्या खोडावर कोवळी फुलं येतात म्हणून वय झालेला पण मनानं ताठ माणूसही मेय.

पण या फुलाला चित्रकलेत जी जागा मिळाली ती एका विक्षिप्त माणसामुळे. लिन बू (९६७ ते १०२८) हांगझोउच्या पश्चिम सरोवरातल्या एका टेकडीवजा बेटावर राहायचा. त्यानं लग्न केलं नाही, सरकारी पद घेतलं नाही. मेय ही त्याची बायको आणि पाळलेले करकोचे ही त्याची मुलं, असं लोक म्हणत. त्याच्या एका कवितेतल्या दोन ओळी पुढच्या हजार वर्षांत प्रत्येक मेय-चित्रकाराला पाठ असत. त्यांचा आशय असा: विरळ सावल्या तिरक्या पडल्यात नितळ उथळ पाण्यावर, अंधुक गंध तरंगतोय चांदण्यातल्या तिन्हीसांजेला. या दोन ओळींत पाकळी नाही, रंग नाही. फक्त सावली आणि वास आहे. वास काढता येत नाही. सावली मात्र काळ्या शाईत काढता येते, किंबहुना शाईतच काढता येते.

म्हणूनच शाईतल्या मेयच्या जन्माची दंतकथा मला पटण्यासारखी वाटते. हुनान भागातल्या एका मठात झोंगरेन नावाचा बौद्ध भिक्षू राहत होता. एका रात्री चंद्रप्रकाशात खिडकीच्या कागदावर मेयच्या फांदीची सावली पडली आणि त्यानं कुंचला उचलून ती तशीच उतरवली. असं घडलं की नाही कुणास ठाऊक, पण गोष्ट रचणाऱ्याला शाई आणि सावली यांचं नातं नेमकं कळलं होतं.

पुढे यांग वुज्यू नावाच्या चित्रकारानं फुलाची पाकळी शाईच्या डागाऐवजी नुसत्या बारीक रेषेच्या वर्तुळानं काढायला सुरुवात केली. आत कोरा कागद. पांढरं फूल काढायला पांढरा रंगच नको. त्याच्याबद्दल सांगतात की सम्राट ह्वेइझोंगनं त्याची मेय पाहून 'ही तर खेडवळ मेय' असा शेरा मारला, आणि त्या पठ्ठ्यानं पुढे आपल्या चित्रांवर 'हुकमावरून खेडवळ मेय' असंच लिहायला सुरुवात केली. त्याचं ११६५ सालचं एक गुंडाळीचित्र बेइजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. एका मित्रानं फर्माईश केली होती की मेय चार अवस्थांत हवी: कळी, उमलू पाहणारी, पूर्ण फुललेली आणि गळायला आलेली. यांग तेव्हा सत्तरीला टेकला होता. चारही फांद्या कोरड्या, शांत हातानं काढल्यात. चौथीत वाऱ्यावर निघालेल्या सुट्या पाकळ्या आहेत. हे चित्र पाहताना 'मेय म्हणजे चिकाटी' हे वाक्य फारच तोकडं वाटायला लागतं, कारण इथे विषय चिकाटीचा कमी आणि वयाचा जास्त आहे.

मेयचं वेड इतकं वाढलं की सोंग बोरेन नावाच्या गृहस्थानं १२३८ मध्ये फक्त या एका फुलाच्या शंभर अवस्थांचं छापील पुस्तक काढलं. कळी धरण्यापासून फळ धरण्यापर्यंत प्रत्येक अवस्थेला एक लाकडी ठशाचं चित्र आणि एक छोटी कविता. चारच वर्षांपूर्वी मंगोलांनी उत्तरेतलं जिन राज्य बुडवलं होतं आणि संकट दाराशी आलं होतं. पुस्तकाच्या शेवटी मेयचं फळ येतं ते राजाच्या रश्शाला चव आणणारा आंबट पदार्थ म्हणून, आणि चांगल्या मंत्र्यासाठी हे चीनमधलं फार जुनं रूपक आहे. फुलांचं पुस्तक म्हणून उघडावं तर आत राज्यकारभाराची चिंता.

मंगोल काळातल्या वांग म्येनचं नाव इथे घ्यायलाच हवं. परीक्षेत अपयश आलं, नोकरीचा नाद सोडला, डोंगरात जाऊन राहिला आणि मेयची चित्रं विकून पोट भरलं. फिक्या शाईत काढलेल्या त्याच्या एका फांदीवर त्याचीच चार ओळींची कविता आहे, आणि ती चीनमध्ये शाळकरी मुलांनाही येते. तो म्हणतो: माझ्या घराजवळच्या, दौत धुवायच्या तळ्याकाठचं हे झाड, प्रत्येक फुलावर फिक्या शाईचा ओघळ. सुंदर रंगाची वाहवा कुणी करायला नको, नुसता निर्मळ श्वास उरावा, धरती-आकाश भरून. म्हणजे रंग का नाही, याचं उत्तर खुद्द चित्रानंच दिलं. चित्रावर लिहिलेला मजकूर ही सजावट नसते, हे यावरून समजावं. संग्रहालयात अशा चित्राखालच्या पाटीवर कवितेचा अनुवाद असेल तर तो आधी वाचावा. लाल शिक्के मात्र सगळेच चित्रकाराचे नसतात. बरेचसे नंतरच्या मालकांचे असतात, आणि अठराव्या शतकातला छ्यानलोंग सम्राट तर हाती आलेल्या जुन्या चित्रावर स्वतःचे शिक्के आणि कविता ठोकल्याशिवाय क्वचितच राहिला.

ऑर्किडकडे परत वळू. लग्नाच्या हॉलमध्ये दिसणारं जांभळं, मेणचट ऑर्किड डोळ्यांसमोरून काढून टाका. चिनी चित्रातलं ऑर्किड जमिनीवर वाढतं. पाती गवती चहासारखी लांब आणि झुकलेली, फूल लहान, हिरवट, पटकन नजरेत न भरणारं. त्याचा मान आहे तो वासामुळे. कन्फ्यूशियसच्या नावावर सांगितलं जाणारं एक वचन असं की खोल रानात कुणी नाही म्हणून ऑर्किड दरवळायचं थांबत नाही. ज्याची गुणवत्ता दरबारानं ओळखली नाही अशा प्रत्येक हुशार माणसाला हे वचन जवळचं वाटलं असणार, आणि चीनच्या इतिहासात असे हुशार, नाराज लोक रग्गड. त्यांचा आदिपुरुष म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या-चौथ्या शतकातला छू राज्याचा मंत्री आणि कवी च्यू युआन. राजानं दूर केल्यावर त्यानं रचलेल्या दीर्घ काव्यात तो अंगावर ऑर्किड आणि सुवासिक वनस्पती लेवून फिरतो. शेवटी त्यानं मिलुओ नदीत जीव दिला. झेंग सीश्याओनं बिनमातीचं ऑर्किड काढलं तेव्हा त्याच्या पाठीशी ही सगळी परंपरा उभी होती.

ऑर्किडची पाती काढण्याचे धडे छापील पुस्तिकांमधून शिकवले जात. 'मोहरीच्या दाण्याएवढी बाग' या नावाच्या प्रसिद्ध पुस्तिकेचा पहिला भाग १६७९ मध्ये नानजिंगला निघाला. मेय, ऑर्किड, बांबू आणि शेवंतीचे धडे १७०१ मध्ये आले. पहिलं पातं लांब आणि वळणदार. दुसरं त्याला छेदून जातं आणि दोघांमध्ये फिनिक्सच्या डोळ्यासारखी पोकळी तयार होते. तिसरं पातं तो डोळा फोडत निघतं. एकाच पात्यात कुंचला दाबायचा, उचलायचा, पुन्हा दाबायचा, आणि शेवट उंदराच्या शेपटीसारखा निमुळता व्हायला हवा. फुलाच्या मध्यभागी टाकलेले ठिपके 'हृदय' या अक्षराच्या घसटत्या वळणासारखे दिसावेत, अशी अपेक्षा असते. लेखन आणि चित्र एकच म्हणतात ते हे असं.

ऑर्किड काढणाऱ्या सगळ्याच व्यक्ती रुसलेले मंत्री नव्हत्या. मा शौझेन (१५४८ ते १६०४) ही नानजिंगच्या छिनह्वाय नदीकाठची नामांकित गणिका. ऑर्किडवरूनच पडलेलं तिचं टोपणनाव जास्त प्रसिद्ध होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात तिचं १५७२ सालचं ऑर्किड आणि खडकाचं चित्र आहे. हेच फूल, हीच पाती. पण ज्या समाजात तिची किंमत ठरवली जात होती त्या समाजात, कुणी पाहो न पाहो, दरवळणारं फूल तिनं स्वतःसाठी निवडावं, याचा अर्थ एखाद्या अधिकाऱ्याच्या ऑर्किडपेक्षा वेगळा लागतो. कोष्टकात तो कुठे बसवायचा?

शेवंती आपल्या ओळखीची. देवाला वाहतो, दसऱ्याच्या तोरणात ओवतो. चीनमध्ये तिची ओळख ताओ युआनमिंग (३६५ ते ४२७) या कवीनं कायमची ठरवून टाकली. पाच माप तांदळाच्या पगारासाठी मी कमरेत वाकणार नाही, असं म्हणून त्यानं नोकरी सोडली आणि शेतीवर गेला. पूर्वेच्या कुंपणापाशी शेवंती खुडताना सहज दक्षिणेचा डोंगर दिसला, ही त्याची ओळ. तेव्हापासून शेवंती म्हणजे पद सोडून सुखात राहिलेला माणूस. नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीला शेवंतीची दारू पिण्याची प्रथा होती आणि तिथून दीर्घायुष्याचा अर्थ आला. पण झेंग सीश्याओच्या हाती हीच शेवंती आली तेव्हा त्यानं तिच्यातली एक साधी गोष्ट हेरली: शेवंतीच्या पाकळ्या गळत नाहीत, फूल देठावरच सुकतं. त्यानं लिहिलं की गंध कवटाळून फांदीवरच मरणं बरं, उत्तरेच्या वाऱ्यानं खाली पडणं नको. मंगोल उत्तरेकडून आले होते. वाचणाऱ्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

मेय, ऑर्किड, बांबू आणि शेवंती यांना मिळून 'चार सज्जन' म्हणतात. ही चौकडी मिंग राजवटीच्या काळात (१३६८ ते १६४४), चित्रांच्या छापील पोथ्यांमधून पक्की झाली. बांबू फूल नसूनही तिच्यात आहे, कारण तो वाकतो पण मोडत नाही आणि आतून पोकळ, म्हणजे अहंकार नसलेला. बांबूवर वेगळा लेख होईल, इथे सोडून देतो.

कमळ या चौकडीत नाही, आणि ते आपल्याकडून गेलेल्या विचारांसोबत चिनी मनात नव्यानं रुजलं. फूल तिथे आधीपासून होतं, पण चिखलातून निर्मळ वर येणारं कमळ बौद्ध धर्मानं मोठं केलं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या हातात निळं कमळ आहे. तो बोधिसत्त्व अवलोकितेश्वर चीनमध्ये पुढे ग्वानयिन नावानं स्त्रीरूपात पुजला गेला. गंमत अशी की कमळाला 'सज्जन' ही पदवी दिली ती मात्र कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विचारवंतानं. झोउ दुनयी (१०१७ ते १०७३) याच्या छोट्याशा निबंधात शेवंती संन्यासी आहे, पिओनी श्रीमंत आहे आणि कमळ सज्जन: चिखलातून येतं पण मळत नाही, दांडा आतून पोकळ आणि बाहेरून सरळ, लांबून पाहावं पण सलगी करू नये. शेवंतीवर प्रेम करणारे ताओनंतर फारसे ऐकू आले नाहीत, कमळावर माझ्यासारखं प्रेम करणारा कोण आहे, आणि पिओनीचे चाहते, ते तर असणारच पुष्कळ, असा टोमणा मारून तो थांबतो.

या स्वच्छ, उपदेशपर कमळाचं बादा शानरेननं (१६२६ ते १७०५) काय केलं ते पाहण्यासारखं आहे. हा मिंग राजघराण्यातला मुलगा. १६४४ मध्ये बेइजिंग पडलं आणि मांचू सत्ता आली तेव्हा तो अठरा वर्षांच्या आसपास होता. जीव वाचवायला भिक्षू झाला, पुढे वेड्यासारखा वागू लागला, दारावर 'मुका' असं लिहून ठेवलं. ते खरं वेड होतं की नाटक, यावर आजही वाद चालतो. त्याची कमळं लांबच लांब, थरथरत्या दांड्यांवर उभी असतात. पानं म्हणजे ओल्या शाईचे फाटके ढग. खाली एका पायावर पक्षी, डोळ्याचं बुबुळ वर चढलेलं, कुणाकडेही न पाहणारं. सही अशी जोडून केलेली की ती 'हसू' अशीही वाचता येते आणि 'रडू' अशीही. १६९७ मध्ये त्यानं काढलेलं नदीकाठच्या कमळांचं गुंडाळीचित्र जवळपास तेरा मीटर लांब आहे आणि तियानजिनच्या संग्रहालयात आहे. त्यात पावित्र्य शोधू नये असं नाही, पण ते पावित्र्य फार थकलेलं आहे.

आता पिओनी. मोठं, भरगच्च, लाल-गुलाबी फूल. थांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) राजधानीत या फुलाचं इतकं वेड होतं की कवी बाय ज्यूयी (७७२ ते ८४६) एका कवितेत बाजारात आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून उसासा टाकतो: गडद रंगाच्या फुलांचा एक गुच्छ म्हणजे दहा मध्यम घरांचा कर. पिओनी म्हणजे पैसा आणि हुद्दा, यात कुणालाच शंका नव्हती. साहजिकच शाईवाल्या सज्जनांनी तिच्यापासून अंतर राखलं.

शू वेईनं (१५२१ ते १५९३) मात्र ती काढली, आणि काळ्या शाईत काढली. हा माणूस विलक्षण बुद्धिमान, आणि त्याचं आयुष्य तितकंच भीषण. प्रांतिक परीक्षेत आठ वेळा नापास. आश्रयदाता तुरुंगात गेल्यावर मन ढळलं, स्वतःला भयंकर इजा करून घेतल्या, आणि बायकोचा खून केला म्हणून सात वर्षं तुरुंगात होता. हे शेवटचं वाक्य बहुतेक कलाविषयक लेखांत घाईघाईनं उरकलं जातं, ते तसं उरकू नये असं मला वाटतं. शाई ओतून, उधळून काढलेल्या पिओनीवर त्यानं लिहिलं की हे श्रीमंतीचं फूल, याची खरी शान झगमगाटात. शाईत काढलं की जीव येतो, पण हा काही तिचा खरा चेहरा नव्हे. मी मुळातला दरिद्री माणूस, माझं जमतं मेय आणि बांबूशी. वैभवाचा आणि माझा संबंधच नाही, मग ते हुबेहूब जमेल कसं? श्रीमंतीच्या फुलातून श्रीमंतीच काढून घेतली. जे उरलं ते कागदावर ओलं, काळं, काहीसं फुटलेलं फूल, आणि चिनी चित्रकलेत त्याच्या तोडीची पिओनी मला तरी माहीत नाही.

एवढ्यावरून सगळी फुलं दुःखी नाहीतर बंडखोरच असतात असं वाटेल. तसं नाही. बहुसंख्य चिनी घरांत फुलांची चित्रं लावली जात ती शुभ म्हणून, आणि तिथला अर्थ बऱ्याचदा उच्चारातून येतो. 'मेय' म्हणजे हे फूल आणि 'मेय' म्हणजे भुवईही. आनंदाचा पक्षी मानलेला मॅगपाय मेयच्या फांदीवर बसवला की 'आनंद भुवयांपर्यंत पोचला' असा वाक्प्रचार तयार. लावा पक्षी आणि शेवंती एकत्र म्हणजे 'सुखानं नांदा'. कमळ आणि मासा म्हणजे 'वर्षामागून वर्ष भरभराट'. फुलदाणीच्या उच्चारात शांतता दडलेली, म्हणून फुलदाणीतली पिओनी नव्या घरासाठी उत्तम भेट. पंडितांना ही कोडी जरा बाजारू वाटत. पण बाजार त्यांनाही चुकला नव्हता. झेंग श्ये हा अठराव्या शतकातला यांगझोउचा चित्रकार, ऑर्किड आणि बांबूचा बादशहा. शांदोंगमध्ये न्यायाधिकारी असताना त्यानं दुष्काळात धान्याची कोठारं खुली केली होती. नोकरी सुटल्यावर चित्रं विकू लागला आणि १७५९ मध्ये दरपत्रकच जाहीर केलं: मोठं चित्र सहा ल्यांग (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी, मध्यम चार, लहान दोन. भेटवस्तू आणि खाऊ आणण्यापेक्षा चांदी बरी, रोख मिळालं की मन खूश होतं आणि चित्रही चांगलं उतरतं, असंही वर लिहिलं. निर्मळपणाचं प्रतीक रोखीनं विकणारा हा माणूस मला त्याच्या स्पष्टपणामुळे आवडतो.

फुलातून बोलण्याची सवय लागलेल्या समाजात फुलावरून पकडलं जाण्याचीही भीती असते. सू शीवर १०७९ मध्ये कवितांतून सरकारची टवाळी केल्याचा खटला झाला तेव्हा त्याच्या एका झाडावरच्या ओळी पुढे केल्या गेल्या: या झाडाची मुळं पाताळापर्यंत सरळ जातात, ते फक्त तिथे दडलेल्या ड्रॅगनला ठाऊक. ड्रॅगन म्हणजे सम्राट, आणि खरा ड्रॅगन तर सिंहासनावर आहे, मग पाताळातला कोण? सम्राट शेनझोंगनं म्हणे उत्तर दिलं की तो झाडाविषयी बोलतोय, त्यात माझा काय संबंध. सू शीचा जीव वाचला, पण ह्वांगझोउला हद्दपारी झालीच.

नऊशे वर्षांनी हीच वाचनपद्धत परत आली, आणि या वेळी तेवढी उदार नव्हती. १९७४ मध्ये बेइजिंगला 'काळी चित्रं' या नावाचं प्रदर्शन भरवलं गेलं, चित्रकारांची निंदा करण्यासाठी. ली कुछान या वयोवृद्ध चित्रकाराच्या कमळांची फुलं मोजली गेली. ती आठ भरली. माओची पत्नी ज्यांग छिंग हिच्या आठ 'आदर्श' संगीतिकांची ही टिंगल आहे, असा आरोप झाला. ग्वांगझोउचे ग्वान शानयुए मेयसाठी प्रसिद्ध होते. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओनं १९६६ ते १९७६ मध्ये चालवलेल्या राजकीय मोहिमेत, त्यांच्या खाली झुकलेल्या फांद्यांवर बोट ठेवलं गेलं, कारण 'उलटी मेय' आणि 'दुर्दैव' यांचा उच्चार एकच. त्यांच्या १९७३ च्या गाजलेल्या मेय-चित्रात सगळ्या फांद्या वरच्या दिशेनं गेल्या आहेत आणि फुलं लालभडक आहेत.